गिधाडें कोठें गेलीं?

गिधाड हें नांव मराठींत कोणी गौरवानें घेत नाहीं. दुष्काळांत धान्य दडवून ठेवणारा व्यापारी असो, कीं मयताच्या इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेला भाऊबंद असो, दुसऱ्याच्या आपत्तीवर टपणाऱ्या सर्वांना ही एकच उपमा पुरते. रामायणांतील जटायु तेवढा याला अपवाद आहे. सीतेसाठीं रावणाशीं झुंजून प्राण देणाऱ्या त्या वृद्ध पक्ष्याला भारतीय मनानें पूज्य मानलें. परंतु तो मान त्याच्या कुळाच्या वांट्याला कधीं आला नाहीं. उघडी मान, बांकदार चोंच आणि मेलेल्या ढोराभोवतीं चाललेली झोंबाझोंबी पाहून मुलें घाबरतात आणि मोठीं माणसें नाक मुरडून पुढें जातात.

असें असूनहि, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत भारतांतील बहुतेक गिधाडें नाहींशीं झालीं, तेव्हां झालेली हानि मोजण्याकरितां पक्षिशास्त्रज्ञांबरोबर आरोग्यशास्त्रज्ञांना व अर्थशास्त्रज्ञांनाहि बसावें लागलें. ही हानि कशी झाली हें समजून घेण्यासारखें आहे. येथें कोणी शिकाऱ्यानें बंदूक चालविली नाहीं. कोणाच्या मनांत या पक्ष्यांविषयीं वैर नव्हतें. आजारी गाईची वेदना कमी व्हावी म्हणून दिलेल्या एका स्वस्त औषधानें, आकाशांत सर्वत्र दिसणाऱ्या या पक्ष्यांना दहा-पंधरा वर्षांत विनाशाच्या कांठावर आणलें. हेतु चांगला असला म्हणजे निसर्गांतील परिणामहि चांगलाच होतो, हा समज किती पोकळ आहे, याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण.

प्रथम या पक्ष्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. भारतांत गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. त्यांपैकीं तीन जातींचा येथें मुख्यतः विचार करावयाचा आहे. पांढऱ्या पाठीचें गिधाड मोठ्या झाडांवर घरटें बांधतें. लांब चोंचीचें गिधाड सह्याद्रीसारख्या डोंगरांच्या उभ्या कड्यांवर राहतें. आणि बारीक चोंचीचें गिधाड हिमालयाच्या पायथ्याच्या सपाट प्रदेशांत व आसामांत आढळतें. तिन्ही जाती मेलेल्या जनावरांच्या मांसावर जगतात. सकाळीं ऊन तापून हवा वर चढूं लागली, कीं त्या हवेच्या आधारानें गिधाड आपले दोन मीटर रुंदीचे पंख न हालवितां तासन् तास घिरट्या घालतें. त्याचें लक्ष दोन ठिकाणीं असतें : खालच्या जमिनीवर आणि आजूबाजूच्या दुसऱ्या गिधाडांवर. एक गिधाड खालीं उतरूं लागलें, कीं शेजारचें त्याच्या रोखानें निघतें. तें पाहून त्याच्या पलीकडचें निघतें. आणि अशा रीतीनें थोड्याच वेळांत दूरदूरचीं गिधाडें एका मेलेल्या बैलाभोवतीं जमतात. मोठा थवा जमला तर तासाभराच्या आंत त्या बैलाचीं केवळ हाडें उरतात.

ज्या कुजक्या मांसाच्या नुसत्या वासानें माणसाला मळमळतें, तें खाऊन गिधाड निरोगी कसें राहतें, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचें उत्तर त्याच्या जठरांत आहे. तेथील आम्ल इतकें तीव्र असतें कीं इतर प्राण्यांचा जीव घेणारे अनेक रोगजंतु त्यांत नष्ट होतात. म्हणजे गिधाड घाण केवळ उचलीत नाहीं. ती तेथल्या तेथें निर्विष करतें. हें काम कावळा, घार किंवा कुत्रा या कोणालाहि तितक्या वेगानें व तितक्या पूर्णपणें साधत नाहीं.

भारतासारख्या देशांत या कामाचें महत्त्व फार मोठें आहे. २०१९ सालच्या पशुगणनेप्रमाणें देशांत गाई-बैल व म्हशी मिळून सुमारें तीस कोटी जनावरें होतीं. पाश्चात्त्य देशांत बहुतेक गुरें मांसासाठीं पाळलीं जातात व कत्तलखान्यांत त्यांचा शेवट होतो. भारतांत दूध आणि शेतीची मेहनत हे गुरें पाळण्याचे मुख्य हेतु आहेत. गोवंशाच्या बाबतींत धर्मभावना व पुष्कळ राज्यांतील कायदे कत्तलीच्या आड येतात. म्हणून येथें लक्षावधि जनावरें म्हातारपणानें किंवा रोगानें मरतात, आणि त्यांचें पुढें काय करावयाचें हा प्रश्न प्रत्येक गांवापुढें उभा राहतो. पूर्वापार चाल अशी कीं मेलेलें ढोर गांवाबाहेर ठराविक जागीं ओढून न्यावयाचें. कातडें सोलण्याचें काम जातिव्यवस्थेनें कांहीं समाजांवर जन्मानें लादलेलें होतें. मांस गिधाडें संपवीत. आणि उन्हांत वाळलेलीं हाडें खतासाठीं गोळा करणारे लोक उचलून नेत. या व्यवस्थेंतील माणसांच्या श्रमाला निदान कांहीं मोल मिळत असे, जरी त्याबरोबर अन्यायहि पदरीं येई. गिधाडांच्या कामाचें मोल मात्र कोणत्याहि जमाखर्चांत धरलेलें नव्हतें.

मुंबईच्या पारशी समाजाचा तर या पक्ष्यांशीं याहून जवळचा संबंध होता. अग्नि, पाणी आणि पृथ्वी हीं तत्त्वें मृत देहानें दूषित होऊं नयेत या श्रद्धेनें पारशी लोक आपलीं प्रेतें उंच गोल दोखम्यांत ठेवतात. मलबार टेंकडीवरील डुंगरवाडीच्या दाट झाडींत गिधाडांचे थवे पिढ्यान् पिढ्या वावरत आले. मृत देहाचें शेवटचें दान पक्ष्यांना करणें हा या विधीचा आत्मा होता.

आतां ऱ्हासाकडे वळूं. राजस्थानांतील भरतपूरचें केवलादेव अभयारण्य पाणपक्ष्यांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु तेथील झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचीहि शेंकडों घरटीं असत. १८८३ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे शास्त्रज्ञ विभु प्रकाश यांनीं १९८०-९० च्या दशकांत तेथील शिकारी पक्ष्यांचा अभ्यास केला होता. दहा-बारा वर्षांनीं त्यांनीं पुन्हा तेथें जाऊन पाहिलें, तों वसाहती ओस पडलेल्या. ज्या झाडांवर पूर्वीं पिल्लें वाढत, त्यांच्याखालीं मेलेले पक्षी. आणि जीं थोडीं गिधाडें उरलीं होतीं तीं माना खालीं टाकून तासन् तास निश्चल बसलेलीं. १९९९ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधाप्रमाणें भरतपूर येथील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९८५-८६ ते १९९६-९७ या अवधींत शेंकडा ९७ नीं घटली होती.

ही गोष्ट एकट्या भरतपूरची नव्हती. १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत देशांतील रस्त्यांवरून ठराविक मार्गांनीं फिरून शिकारी पक्ष्यांची मोजणी झाली होती. २००० सालापासून त्याच मार्गांनीं पुन्हा मोजण्या होऊं लागल्या. २००७ पर्यंतचे आंकडे हातीं आले तेव्हां दिसून आलें कीं, पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं १९९२ च्या मानानें हजारांत एकच उरलें आहे. आणि इतर दोन जाती मिळून शंभरांत तीन-चार. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें २००० सालींच या तिन्ही जाती 'अतिसंकटग्रस्त' वर्गांत टाकल्या होत्या. इतका विपुल पक्षी इतक्या थोड्या वर्षांत इतका विरळ झाल्याचीं उदाहरणें जगाच्या इतिहासांत फार थोडीं आहेत.

कारण काय असावें याविषयीं प्रारंभीं अनेक तर्क झाले. अन्नाची टंचाई म्हणावी, तर गांवाबाहेर मेलेलीं ढोरें पूर्वीपेक्षां अधिक पडून राहूं लागलीं होतीं. घरट्यांचीं झाडें तुटलीं म्हणावीं, तर कड्यांवर राहणारीं गिधाडेंहि त्याच वेगानें मरत होतीं. पिकांवरील कीटकनाशकांचा संशय घेतला, परंतु मेलेल्या पक्ष्यांच्या शरीरांत त्यांचें प्रमाण मृत्यूला पुरेसें आढळेना. मग एखाद्या नव्या सांथीच्या विषाणूचा तर्क पुढें आला व तो बराच काळ टिकला. एका गोष्टीनें मात्र सर्वांचें लक्ष वेधलें. मेलेलीं गिधाडें फाडून पाहिलीं असतां त्यांच्या काळजावर, यकृतावर व मूत्रपिंडांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसे. पक्ष्यांच्या शरीरांतील नत्रयुक्त मळ युरिक आम्लाच्या रूपानें बाहेर पडतो. मूत्रपिंडें बंद पडलीं तर हें आम्ल रक्तांत सांचतें आणि त्याचे स्फटिक आंतील अवयवांवर बसतात. तेव्हां पक्षी मूत्रपिंडें निकामी होऊन मरत होते, एवढें निश्चित झालें. तीं निकामी कशानें झालीं, हें कोडें उरलें.

तें कोडें पाकिस्तानांतील पंजाबांत सुटलें. पेरेग्रिन फंड या अमेरिकन संस्थेच्या साहाय्यानें लिंडसे ओक्स हे पशुवैद्यक-संशोधक व त्यांचे पाकिस्तानी सहकारी तेथील गिधाडांच्या वसाहतींत काम करीत होते. त्यांनीं तपासलेल्या २५९ मृत गिधाडांपैकीं शेंकडा ८५ पक्ष्यांत वर सांगितलेला पांढरा थर आढळला. विषाणु सांपडेना, जड धातु सांपडेनात, कीटकनाशक सांपडेना. तेव्हां त्यांनीं प्रश्नच उलटा केला. गिधाडें जें खातात त्या जनावरांच्या अंगांत अलीकडे नवीन काय जाऊं लागलें आहे? गुरांच्या औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली असतां एक नांव पुढें आलें : डायक्लोफेनॅक.

हें नांव शहरांतील घरांना अपरिचित नाहीं. सांधेदुखी, पाठदुखी, शस्त्रक्रियेनंतरची वेदना यांवर माणसांना दिलें जाणारें हें वेदनाशामक व दाहशामक औषध १९७० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलें. पुढें त्यावरील मूळ कंपनीचा हक्क संपल्यावर तें अनेक कारखाने बनवूं लागले व त्याची किंमत फार उतरली. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तें भारतांत गुरांसाठींहि वापरलें जाऊं लागलें. लंगडणारा बैल, कांस सुजलेली म्हैस, तापानें फणफणलेली गाय, या सर्वांवर त्याच्या एका सुईनें थोड्या वेळांत आराम पडे. गरीब शेतकऱ्याला परवडणारें व गुणकारी असें औषध मिळाल्यावर त्यानें तें वापरूं नये असें कोण म्हणेल?

ओक्स यांच्या तपासणींत, मूत्रपिंडें निकामी होऊन मेलेल्या ज्या २५ गिधाडांची परीक्षा झाली त्या सर्वांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅकचा अंश सांपडला. आणि दुसऱ्या कारणांनीं मेलेल्या १३ गिधाडांपैकीं एकांतहि सांपडला नाहीं. नंतर डायक्लोफेनॅक दिलेल्या म्हशी व बकऱ्या यांचें मांस पाळलेल्या गिधाडांना खाऊं घालण्यांत आलें. तीं त्याच पद्धतीनें मेलीं आणि त्यांच्या अवयवांवर तोच पांढरा थर दिसला. हा शोध २००४ च्या प्रारंभीं 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. माणसाच्या व गाईच्या शरीराला जें औषध सोसतें तें या पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना अत्यल्प प्रमाणांतहि सोसत नाहीं. औषध दिल्यावर जनावर बरें झालें तर कांहीं दिवसांत त्याचा अंश शरीराबाहेर जातो. परंतु तें थोडक्याच अवधींत मेलें, तर त्याचें मांस गिधाडांना विष होतें.

येथें एक शंका येईल. मेलेल्या सर्वच जनावरांना कांहीं हें औषध दिलेलें नसतें. मग एवढा संहार कसा झाला? याचा उलगडा साध्या गणितानें होतो. समजा, एक गिधाड दर तिसऱ्या दिवशीं एकदां खातें. म्हणजे वर्षाकांठीं तें सुमारें १२० जनावरांवर बसेल. दर २०० मेलेल्या जनावरांत एकच विषारी असलें, तरी वर्षाच्या शेवटीं शंभरांतलीं चाळिसांहून अधिक गिधाडें त्या एकाच्या मांसाला बळी पडलेलीं असतील. शिवाय एका विषारी बैलाभोवतीं पन्नास-साठ गिधाडें एकदम जेवतात. शास्त्रज्ञांनीं अधिक बारकाईनें हिशेब केला तेव्हां, प्रत्यक्षांत दिसलेला ऱ्हास घडून यावयाला शंभरांत एकाहूनहि कमी जनावरें प्राणघातक असणें पुरेसें आहे, असें निष्पन्न झालें. बंदीपूर्वीं भारतांत तपासलेल्या मेलेल्या गुरांपैकीं शेंकडा दहाच्या आसपास गुरांत या औषधाचा अंश आढळला होता.

या गणिताची दुसरी बाजू गिधाडांच्या संसाराची आहे. एक जोडी वर्षाकांठीं एकच अंडें घालते. आईबाप आळीपाळीनें तें महिना-दीड महिना उबवितात. पुढें पिल्लूं उडूं लागेपर्यंत आणखी तीन-चार महिने जातात. पिल्लूं वयांत येऊन स्वतः जोडी बांधण्यास पांच-एक वर्षें लागतात. थोडीं पिल्लें आणि दीर्घ आयुष्य हा या पक्ष्यांचा नियम आहे. उंदीर किंवा चिमणी यांची संख्या एका वर्षांत घटली तर दुसऱ्या वर्षांत भरून निघते. गिधाडांच्या मोठ्या पक्ष्यांत मृत्यूचें प्रमाण थोडेंसें वाढलें तरी तें खातें कायमचें तुटींत जातें.

गिधाडें गेलीं, मेलेलीं ढोरें मात्र मरावयाचीं थांबलीं नाहींत. गांवाबाहेरच्या त्या जागांवर आतां दिवसेंदिवस मांस कुजूं लागलें. कोठें तें ओढ्यानाल्यांत ढकलून दिलें गेलें, कोठें त्यावर रसायनें ओतलीं गेलीं. मोकळ्या राहिलेल्या या अन्नावर भटक्या कुत्र्यांचे कळप पोसले गेले. गिधाडाच्या पोटांत रोगजंतु मरतात. कुत्र्याचें तसें नाहीं. तें रोग घेऊन गांवांत परत येतें, आणि पिसाळलें तर चावतें. कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं व पक्षिशास्त्रज्ञांनीं मिळून २००८ सालीं केलेल्या एका हिशेबांत, १९९२ ते २००३ या काळांत कुत्र्यांची संख्या अंदाजें पंचावन्न लाखांनीं वाढली व तिच्यामुळें पिसाळलेल्या कुत्र्यांच्या दंशानें सत्तेचाळीस हजारांहून अधिक जादा मृत्यु झाले असावेत, असा अंदाज निघाला. २०२४ सालीं अनंत सुदर्शन व इयाल फ्रँक या दोन अर्थशास्त्रज्ञांचा निबंध अमेरिकेंतील एका मान्यवर आर्थिक नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ज्या जिल्ह्यांत पूर्वीं गिधाडांना योग्य वस्ती होती व ज्या जिल्ह्यांत नव्हती, त्यांतील मृत्यूचे आंकडे त्यांनीं ताडून पाहिले. गिधाडें नाहींशीं झाल्यावर पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा चारांहून अधिक वाढलें. आणि २००० ते २००५ या अवधींत देशांत पांच लक्षांहून अधिक जादा माणसें दगावलीं, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांच्या मतें कुत्र्यांच्या वाढीबरोबरच दूषित पाणी हेंहि याचें एक कारण आहे.

हे आंकडे अंदाजाचे आहेत, आणि अंदाज म्हणूनच ते वाचले पाहिजेत. तथापि ते निम्मे धरले तरी जें सत्य उरतें तें लहान नाहीं. ज्या कामासाठीं एक पैहि कधीं दिली गेली नाहीं, तें काम बंद पडतांच त्याचें मोल माणसांच्या प्राणांनीं द्यावें लागलें. आणि तें देणारे बहुधा खेड्यांतील व शहरांच्या कडेच्या वस्त्यांतील गरीबच होते. डुंगरवाडीवरहि हीच आपत्ति दुसऱ्या रूपानें आली. आकाशांतून पक्षी उतरेनासे झाले तेव्हां दोखम्यांवर सूर्याची उष्णता एकवटणारीं यंत्रें बसविण्यांत आलीं. कांहीं कुटुंबांनीं तीं स्वीकारलीं. कांहींनीं दहनाचा मार्ग पत्करला. आणि शतकानुशतकें वादातीत असलेला विधि त्या लहानशा समाजांत वादाचा विषय होऊन बसला.

सुदैवानें या कथेला दुसरा भागहि आहे. नैसर्गिक ऱ्हासाचीं कारणें बहुधा अनेक व गुंतागुंतीचीं असतात. येथें मुख्य कारण एक होतें व तें दूर करतां येण्यासारखें होतें. शास्त्रज्ञांनीं पर्याय शोधला. मेलॉक्सिकॅम हें तशाच गुणाचें औषध आधीं आफ्रिकेंतील गिधाडांवर व नंतर भारतीय गिधाडांवर तपासलें गेलें आणि तें निर्धोक ठरलें. २००६ सालीं भारत, नेपाळ व पाकिस्तान या तिन्ही देशांनीं गुरांसाठींच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. २०१० सालीं बांगला देशानेंहि ती घातली. शोध लागल्यापासून दोन-अडीच वर्षांत कायदा व्हावा, ही गोष्ट कौतुकाची म्हटली पाहिजे.

कायदा झाला म्हणजे कार्य झालें असें मात्र नव्हे. गुरांची बाटली बाजारांतून उठली, तरी माणसांसाठींची होती. आणि तीहि गुरांना पुरेल एवढ्या मोठ्या आकाराच्या कुपींत मिळे. हा चोरवाटेचा वापर थांबविण्यासाठीं २०१५ सालीं माणसांच्या टोंचण्याची कुपी तीन मिलिलिटरांपुरती मर्यादित करण्यांत आली. त्याच कुळांतील आणखी कांहीं औषधें गिधाडांना तितकींच घातक ठरलीं. असेक्लोफेनॅक तर गुरांच्या शरीरांत गेल्यावर स्वतःच डायक्लोफेनॅकचें रूप घेतें. तें व केटोप्रोफेन यांच्या गुरांवरील वापरास भारतांत २०२३ सालीं बंदी झाली. म्हणजे पहिल्या बंदीनंतर सतरा वर्षें हीं दारें उघडींच होतीं.

एकीकडे विष थांबविण्याचे हे प्रयत्न चालू असतां दुसरीकडे बियाणें राखण्याचें काम सुरू झालें. हरियाणांतील पिंजोर येथें वनखातें व बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनीं २००१ सालीं गिधाडांचें शुश्रूषागृह काढलें. पुढें तेथें व पश्चिम बंगाल, आसाम आणि मध्य प्रदेश या राज्यांतील केंद्रांत पिंजऱ्यांत गिधाडांची वीण करण्यांत यश आलें. २०२४ सालीं पिंजोरचीं कांहीं गिधाडें विदर्भांतील ताडोबा व पेंच येथें आणून सोडण्यांत आलीं. नेपाळांत व महाराष्ट्रांतील नाशिक, रायगड, गडचिरोली या जिल्ह्यांत औषधाचा अंश नसलेलीं मेलेलीं जनावरें गिधाडांसाठीं ठराविक जागीं टाकण्याची प्रथा पडली. या जागांना थट्टेनें नव्हे तर रूढ नांवानेंच 'गिधाडांचें उपाहारगृह' म्हणतात. नेपाळांत या सर्व उपायांमुळें पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पुन्हा वाढूं लागल्याचें दिसून आलें आहे. भारतांत घसरण मंदावली. परंतु २०१५ च्या मोजणीवरून पांढऱ्या पाठीचीं सुमारें सहा हजार, लांब चोंचीचीं बारा हजार व बारीक चोंचीचीं हजारभरच गिधाडें उरलीं असावींत, असा अंदाज निघाला. पूर्वींच्या कोट्यवधींच्या मानानें ही संख्या म्हणजे रास उचलून नेल्यावर खळ्यांत राहिलेले दाणे.

आतां या सर्वांत शहरांतील सुशिक्षित कुटुंबाचा संबंध कोठें येतो? तो वाटतो त्यापेक्षां जवळचा आहे. ज्या दुधावर शहरें जगतात तें देणारीं जनावरें कोठें तरी म्हातारीं होतात, आजारी पडतात व मरतात. त्यांतील पुष्कळ गाई-बैल गोशाळांत व पांजरपोळांत अखेरचे दिवस काढतात, आणि त्या संस्था शहरांतील दात्यांच्या देणग्यांवर चालतात. तेथील जनावरें म्हातारीं असल्यामुळें त्यांना वेदनाशामक औषधें अधिक लागतात व मृत्यूहि तेथें अधिक होतात. म्हणून तेथें कोणतें औषध वापरलें जातें, ही गोष्ट गिधाडांच्या दृष्टीनें जीवनमरणाची आहे. श्राद्धाच्या किंवा वाढदिवसाच्या निमित्तानें गोशाळेला पैसे पाठविणाऱ्या गृहस्थानें तेथील व्यवस्थापकाला एवढेंच विचारावें कीं, "आपले गुरांचे डॉक्टर मेलॉक्सिकॅम वापरतात ना?" या प्रश्नाला खर्च नाहीं, परंतु देणारा विचारतो आहे असें दिसलें म्हणजे घेणारा सावध होतो. गाईची सेवा करतांना जटायूच्या वंशाचा घात होऊं नये, ही अपेक्षा कोणत्याहि धर्मबुद्धीला मान्य होण्यासारखी आहे.

याहून व्यापक असा एक बोध या प्रकरणांत आहे. डायक्लोफेनॅक बाजारांत येण्यापूर्वीं तें माणसाला सोसतें कीं नाहीं, याची परीक्षा झाली. गाय मेल्यावर तिला कोण खातें आणि त्या खाणाऱ्याला तें सोसेल काय, हा प्रश्न कोणाच्या मनांतच आला नाहीं. गाईचें शरीर गोठ्यांत संपत नाहीं. तें गिधाडाच्या पोटांत जातें, कुत्र्याच्या पोटांत जातें, मातींत व पाण्यांत जातें. माणूस जें जें कांहीं निसर्गांत सोडतो, मग तें औषध असो, खत असो कीं कारखान्याचें सांडपाणी असो, त्याचा प्रवास पहिल्या मुक्कामावर थांबत नाहीं. तें पुढें कोणाच्या तोंडीं जाणार, हा प्रश्न आधींच विचारण्याची संवय लागली, तर विज्ञानाला मागाहून करावी लागणारी पुष्कळ धांवपळ वांचेल.

गिधाडांची संख्या पूर्ववत् व्हावयाची तर त्याला कित्येक पिढ्या लागतील. वर्षाला एका अंड्याचा हिशेब कोणत्याहि सरकारी हुकुमानें बदलत नाहीं. त्र्यंबकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर आजहि लांब चोंचीचीं गिधाडें घरटीं करतात. हिंवाळ्यांत तेथें जाणाऱ्यानें दुपारच्या सुमारास वर पाहावें. एखादें गिधाड संथपणें घिरट्या घालतांना दिसलें, तर त्या कपारींतल्या एखाद्या घरट्यांत त्या वर्षाचें एकुलतें एक पिल्लूं अन्नाची वाट पाहत असण्याचा संभव आहे. आणि तें जगेल कीं नाहीं, हें खालच्या एखाद्या गोठ्यांत आजारी बैलाला आज कोणती सुई टोंचली गेली, यावर अवलंबून आहे.